दुसरा फर्मा

पुस्तक हातात घेतलं की तुम्हाला पानं दिसतात. मला फर्मे दिसतात. मोठा कागद, दोन्ही अंगांनी छापलेला, त्याला तीन घड्या घातल्या की सोळा पानं होतात. तो झाला एक फर्मा. त्याच्या पहिल्या पानाखाली कोपऱ्यात एक बारीक आकडा असतो, कितवा फर्मा ते सांगणारा. वाचणाऱ्याला तो जन्मात दिसत नाही आणि बाइंडरला दुसरं काही दिसत नाही. असे बारा फर्मे ओळीनं लावून शिवले की एकशे ब्याण्णव पानांचं पुस्तक तयार. माझी शाळा चौथीत सुटली, पण सोळाचा पाढा मला कधीही विचारा.

मी अण्णाप्पा कोष्टी. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका बाइंडिंगखान्यात चाळीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी मिस्त्री म्हणून. माझी बायको हौसा तिथंच घड्या घालायला होती, आमच्या लग्नाच्या आधीपासून. हाडाची पट्टी घेऊन बसली की कागद नुसता तिच्या हातात वाकायचा. पण वाचता एक अक्षर येत नव्हतं. म्हणायची, "एवढी पुस्तकं माझ्या हातनं गेली, एक बी माझ्याशी बोललं न्हाई."

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, नंतर धीर व्हायचा नाही.

फर्मे लावायची एक रीत असते. लांब टेबलावर बारा थप्प्या मांडायच्या, एक ते बारा. बायका टेबलाभोवती फिरत प्रत्येक थप्पीतला एकेक फर्मा उचलत जातात. एक फेरी झाली की एक पुस्तक. थप्प्या मांडायचं काम मिस्त्रीचं. मी नवीनच मिस्त्री झालो होतो, एकोणनव्वद साल असेल. जेवणानंतर तिसरी थप्पी संपली, म्हणून मी गठ्ठा फोडून भरली. तो गठ्ठा होता दुसऱ्या फर्म्याचा. तीनशे पुस्तकं तशीच शिवून बाजारात गेली. सतरा ते बत्तीस पानं दोनदा, तेहतीस ते अठ्ठेचाळीस गायब. आमच्या धंद्यात याला फर्मा डबल लागणं म्हणतात, आणि याच्यापेक्षा मोठं पाप नाही.

पुस्तकं परत आली. मालक टेबलाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "कुणी केलं?" त्या दिवशी फेरीला हौसा होती. मी तिच्याकडं बोट दाखवलं.

बोट दाखवून थांबलो असतो तरी चाललं असतं. मला मालकाला दाखवायचं होतं मी किती कडक आहे ते. तो दोन नंबरचा फर्मा घेतला, सुतळी ओवली, तिच्या गळ्यात घातला आणि तिला अंगणात उन्हात उभं केलं. "मालक परत येईपर्यंत काढायचा नाही." मालक कामाला म्हणून इचलकरंजीला गेले ते दिवस मावळताना आले. एकोणीस वर्षांची पोरगी, तोवर उभी होती. पुढं तीन दिवस बसून एकटीनं तीनशे पुस्तकं उसवली. बोटं फुटली तिची.

चौथ्या दिवशी केर काढताना मला त्या फोडलेल्या गठ्ठ्यावरचा कागद सापडला. त्यावर मोठा दोन काढलेला. मी तो खळ शिजवायच्या शेगडीत घातला.

दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. तिच्या बापाला मिस्त्री जावई पाहिजे होता. पुढं कधी सोन्याचा विषय निघाला की ती चार माणसांत हसून सांगायची, "मला पयला दागिना ह्यांनीच घातला, फर्म्याचा!" सगळे हसायचे. मीही हसायचो. पन्नास वर्षं हसलो.

तर आता पाटीची गोष्ट.

बाइंडिंगखाना बंद पडून लई वर्षं झाली. आता सगळे पाटीवर वाचतात, म्हणजे हातात धरायच्या त्या काचेच्या पडद्यावर. आणि पाटीत पान नसतंच, हे मला म्हातारपणी कळलं. सगळं पुस्तक म्हणजे रिळावर गुंडाळलेला एक लांब दोरा. अक्षर मोठं केलं की पाटीवर कमी दोरा मावतो, बारीक केलं की जास्त. म्हणून माझ्या चष्म्याला जे पान चाळीस, ते तुमच्या तरण्या डोळ्याला बावीस. मग शाळेत बाईंनी पान अठ्ठावीस काढा म्हटलं तर काय काढायचं? कंपन्यांनी आधी पानाऐवजी ठिकाणाचा आकडा देऊन बघितला, तीन हजार चारशे अमुक. कोण लक्षात ठेवतंय! शेवटी एक तोड निघाली. कागदी पुस्तकात जिथं नवीन पान सुरू होतं, नेमक्या तिथंच त्या दोऱ्याला एक गाठ मारायची, न दिसणारी. अक्षर कितीही फुगवा, गाठ जागची हलत नाही. सतरा म्हणजे सतराच.

नव्या पुस्तकांच्या गाठी मशीनच मारतं. पण जुनी, फाटकी, वाळवी लागलेली पुस्तकं मशीनला उमगत नाहीत. ते काम करायला उद्यमनगरातल्या एका कंपनीनं आमच्यासारखे चार म्हातारे बाइंडर धरले. घरी बसून काम. कागदी पुस्तक मांडीवर, पाटी समोर, पान उलटायचं, पहिली ओळ मोठ्यांदा वाचायची आणि बोट टेकवून म्हणायचं, "इथं सतरा." गाठ बसली.

एक दिवस नेमकं तेच पुस्तक आलं. तेच, डबल लागलेलं. मी पान उलटलं आणि वाचलं, "गोदीनं म्हशीचा दोर सोडला आणि पाण्यात पाय घातला. इथं सतरा."

हौसा भाकरी थापत होती. "कोण गोदी?"

"असंल कोणतरी."

मी पुढं चाललो. अठरा, एकोणीस. बत्तिसावर आलो. "नाव अजून दिसत नव्हती. इथं बत्तीस."

तिचा हात थांबला. "मग? आली का नाव?"

"मला काय ठाऊक? मी एकच ओळ वाचतोय पानाची."

"असा कसा वो माणूस तुमी! पोरगी पाण्यात हुभी हाय आणि तुमी आकडं सांगताय."

त्या दिवशी तिनं ठरवलं, वाचायला शिकायचं. एकोणसत्तराव्या वर्षी. पाटी मोठं अक्षर दाखवायची, आवाजात सांगायची, ही गिरवायची. मी टिंगल केली, "म्हातारपणी सरकारी गॅझेट वाचायला जाणार काय?" ती म्हणाली, "एक पुस्तक. पयल्या पानापासनं शेवटच्या पानापर्यंत. एकच. मग मी मराया मोकळी."

सव्वा वर्षात जोडाक्षरासकट वाचायला लागली. आणि त्याच सुमारास मीठ दोनदा घालायला लागली. मग गॅस चालू ठेवायला. मग एकदा रंकाळा तलावावरनं घरी यायची वाट विसरली. आमची लेक वनिता सांगलीला असते, ती येऊन डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरनं डोक्याचे फोटो काढले आणि सांगितलं, जुनं राहील बरेच दिवस, नवीन टिकायचं नाही. वाचत्या आहेत ना, वाचू द्या. वाचणं थांबलं की उतार जोरात लागेल.

वनितानं कंपनीच्या पोरीशी काहीतरी बोलून आईच्या पाटीत एक सोय घालून घेतली. मला म्हणाली, "आजारी माणसांसाठी असतंय, अण्णा. तुम्ही नका डोकं घालू."

मी नाही घातलं. मला बरंच वाटलं, कारण हौसा खूश होती. रोज सकाळी अंगणात पेरूखाली खुर्ची टाकून बसायची, तास-दीड तास वाचायची आणि आत येऊन आकडा सांगायची. "आज चाळीस झाली वो." "आज एकसष्ट." मला आमच्या लग्नानंतरचे दिवस आठवायचे, तेव्हा अशीच घड्यांचे आकडे सांगायची.

एका सकाळी म्हणाली, "आज एकशे चार."

"काय चाललंय तुझ्या गोदीचं?"

"काय चालणार? नदीकाठाला हाय. म्हशीचा दोर सोडला आत्ता."

मी चहा खाली ठेवला. पाटी उचलली. वर कोपऱ्यात एकशे चार लिहिलेलं आणि खाली ओळ, गोदीनं म्हशीचा दोर सोडला आणि पाण्यात पाय घातला. माझ्या हातानं मारलेली गाठ होती ती. सतराची.

त्याच पावली उद्यमनगरात गेलो. कंपनीची ती पोरगी, पल्लवी इंगवले, चांगली पोरगी, मला आजोबा म्हणायची. मी पाटी तिच्या टेबलावर आपटली.

"माझी गाठ कुणी सोडली?"

"कुणी नाही सोडली आजोबा. बसा. पाणी घ्या."

"पाणी नको. सतराव्या पानावर एकशे चार कुठनं आलं?"

तिनं मला शांतपणानं समजावलं. पाटीच्या वरच्या कडेला मोहरीएवढा डोळा असतो. तो आपल्या डोळ्याकडं बघतो. आपण वाचतो तेव्हा नजर सरळ चालत नाही, उड्या मारते. ओळखीच्या शब्दावरनं उडी मारून पुढं जाते, अनोळखी शब्दावर थबकते, मागं येते. त्यावरनं पाटीला कळतं की हे वाक्य या माणसाला नवीन आहे का जुनं. "हौसाआजींचे डोळे रोज त्याच पानांवर पहिल्यांदा आल्यासारखे चालतात. त्यांना पुढं नेलं, तर मागचं आठवत नाही म्हणून त्या घाबरतात आणि पाटी ठेवून देतात. म्हणून पाटी त्यांना जेवढं झेपतं तिथंच फिरवते. सतरा ते बत्तीस. आणि आकडा मात्र पुढं सरकवते."

"म्हणजे खोटा."

"खोटा कसा? त्यांनी तेवढी पानं वाचलीत, आजोबा. डोळ्याला नवीन तर पान नवीन. पान पुस्तकाचं नसतं, वाचणाऱ्याचं असतं. वनिताताईंनी सही केलीय. या सोयीमुळं लोक दोन-दोन वर्षं जास्त वाचतात."

"पोरी, बत्तिसानंतर परत सतरा लागलं तर आमच्यात त्याला काय म्हणतात ठाऊक आहे?"

तिला कुठनं ठाऊक असणार. मी घरी आलो आणि पाटी परत तिच्या खुर्चीवर ठेवून दिली. वनिता फोनवर म्हणाली, "अण्णा, आई सुखात आहे. तुम्हाला तुमचे आकडे प्यारे का आई?" मी फोन ठेवला. आकडा एकशे पन्नास झाला, एकशे ऐंशी झाला.

आणि मग एका शुक्रवारी एकशे ब्याण्णव झाला. पाटीवर फुलं पडली, सनई वाजली आणि अक्षरं आली, पुस्तक पूर्ण वाचल्याबद्दल अभिनंदन. हौसा रडली. मला म्हणाली, "झालं वो. वाचलं म्या." गल्लीत साखर वाटून आली.

आमच्या गल्लीत बायकांचं वाचनमंडळ आहे. शुक्रवारी संध्याकाळी मारुतीच्या मंडपात जमतात. मालूताई माने, जुन्या शाळामास्तरीण, त्यांनी त्याच संध्याकाळी हौसाला बोलावलं. पुस्तकाविषयी चार शब्द सांगा म्हणाल्या. मी जाऊ द्यायला नको होतं. पण इस्त्रीचं लुगडं नेसून, पाटी छातीशी धरून निघाली, तिला कुठल्या तोंडानं अडवू?

उभी राहिली. मी मंडपाच्या खांबाशी होतो. छान बोलली सुरुवातीला. गोदी कशी, म्हैस कशी, पलीकडं भावाचं घर आहे, तिथं तिला जायचंय. बायका ऐकत होत्या.

"मग नाव आली का?" मालूताईंनी विचारलं.

हौसा थांबली. पाटीकडं बघितलं. "गोदीनं," ती म्हणाली, "म्हशीचा दोर सोडला..."

"ते झालं हो हौसाबाई. पुढचं सांगा. शेवट काय?"

"गोदीनं पाण्यात पाय घातला."

मागनं कुणीतरी फिसकलं. एक तरणी सून म्हणाली, "आज्जींची गोदी बुडली बहुतेक!" आणि मंडपभर हसू पसरलं. वाईट बायका नाहीत त्या, त्यांना आजार ठाऊक नव्हता. पण हौसा त्यांच्याबरोबर हसायला लागली. सगळे हसतायत म्हणून. ते मला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पल्लवीकडं जाऊन उभा राहिलो. "नवरा आहे मी. माझी सही लेकीच्या वरची. खरे आकडे लाव."

"आजोबा, त्यांना त्रास होईल."

"बायकांनी हसावं त्याच्यापेक्षा जास्त?"

"हो," ती म्हणाली. "ते त्या विसरल्या असतील. हा त्रास रोज नवीन होईल."

मी ऐकलं नाही. मला वाटलं, खरं ते खरं. चाळीस वर्षं मी पान जागच्या जागी बसवलं, आणि माझ्या घरात खोटं पान चालणार? तिनं खरे आकडे लावले.

हौसा शुक्रवारचं विसरलीच होती, आणि पुस्तक संपलंय हेही. पेरूखाली बसली, वाचलं, आत आली. "आज तेवीस झाली."

दुसऱ्या दिवशी, "आज तेवीस झाली." तिसऱ्या दिवशी एकवीस. चौथ्या दिवशी परत तेवीस. घड्यांचा हिशेब भिंतीवर खडूनं लिहायची तिची जुनी सवय त्या आठवड्यात परत आली होती. हाताला ती सवय होती, डोक्याला विचारायला लागत नव्हतं. पाचव्या दिवशी खडू घेऊन भिंतीकडं वळली आणि वरचे आकडे दिसले. तेवीस, तेवीस, एकवीस, तेवीस. सगळे तिच्याच वळणाचे.

"अहो, हे कुणी लिवलं?"

"तूच."

"काल बी तेवीसच?"

मी खरं सांगितलं. तुला आजार आहे, तू रोज तेच वाचतेस, बत्तिसाच्या पुढं तू जात नाहीस. शांतपणानं, हात धरून सांगितलं. ती खाली बसली. भिंतीला पाठ लावून दुपारपर्यंत बसून राहिली. म्हणाली, "म्हंजे मी न्हाईच पोचायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ते विसरली होती. पेरूखाली बसली, वाचलं, खडू घेतला, भिंत बघितली. "हे कुणी लिवलं?"

मी परत सांगितलं.

तुम्ही म्हणाल, आकडे पुसून टाकायचे. मी म्हणेन, आज पुसले तर उद्या पुसायला लागतील, परवा पुसायला लागतील, आणि पुसणारा खोटारडाच. असा मी. नऊ दिवस रोज सकाळी त्या बाईला मी तीच बातमी दिली आणि नऊ दिवस तिला ती पहिल्यांदा कळली. दहाव्या दिवशी पाटी दिसेना. शोधली तर पिठाच्या डब्यात, खाली खोल पुरलेली. का पुरली ते तिला सांगता येईना. पण पाटी पुढं केली की अंग चोरायची, मांजराला काठी दाखवल्यासारखी. डोकं विसरलं, भीती विसरली नाही.

मी पल्लवीला म्हटलं, लाव बाई तुझे चालते आकडे. तिनं लावले. उपयोग काय? हौसा पाटीला हात लावेना. दीड महिन्यात अक्षरं गेली, आधी जोडाक्षरं, मग काने-मात्रे. वनिता आली, भिंत बघितली, माझ्याकडं बघितलं. माझ्या हातचं जेवली नाही.

तेव्हा मी माळ्यावरनं शिवणीची चौकट काढली. दाबायचा शिकंजा काढला. आकडे मारायचं हातमशीन काढलं, शाई घातली. पाटीला भीत असेल, कागदाला नाही भिणार. तिला पुस्तक पाहिजे ना, मी देतो पुस्तक. कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याकडं ते जुनं पुस्तक नेलं. म्हटलं, पहिला फर्मा एकदा छाप, दुसरा अकरा वेळा छाप, पान फुगवून अक्षर मोठं कर आणि पानांचे आकडे गाळ.

त्याला वाटलं म्हातारा ठार वेडा झालाय. "काका, फर्मा डबल लागेल की."

"अकरापट लागेल. छाप तू."

घरी आणून घड्या घातल्या. मग एकेका पानावर स्वतःच्या हातानं आकडा मारला. सतरा, अठरा, बत्तीस. आणि त्याच सोळा पानांवर परत तेहतीस, चौतीस. गोदी एकोणपन्नासाव्या पानावर पाण्यात पाय घालते, पासष्टाव्यावर घालते, एक्याऐंशीव्यावर घालते. ज्या चुकीसाठी मी एका पोरीला उन्हात उभी केली, ती चूक मी दोन दिवस खपून, मन लावून, देवपूजा केल्यासारखी केली. पल्लवीची पाटी करत होती तेच. फक्त तिला ते एका बटनात जमलं होतं.

कापडी पुठ्ठा चढवला. दोन दिवस शिकंज्यात ठेवलं आणि सकाळी पेरूखाली तिच्या मांडीवर आणून ठेवलं.

हौसानं पुस्तकाचा वास घेतला. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचं तोंड फुललं. अक्षरं लागत नव्हती, पण आकडे लागत होते. मी मधलं पान काढून दिलं. "एकशे चार," ती म्हणाली. "लई झालं की!"

मी मागं वळलो, डोळे पुसायला. तेवढ्यात पानं फडफडली. घडीवाली बाई पुस्तक वाचत नाही, तपासते. उजव्या अंगठ्यानं कोपरा धरून फर्रकन सोडते आणि प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली नजर टाकते. तिथं तो बारीक आकडा असतो ना. मी छपाईवाल्याला पानांचे आकडे गाळायला सांगितले होते. फर्म्याचे गाळायला विसरलो होतो.

"एक," हौसा म्हणाली. "दोन. दोन. दोन. दोन..."

तिचं तोंड पांढरं पडलं. उठून उभी राहिली. "मिस्त्री," ती मला म्हणाली. अहो नाही, मिस्त्री. "फर्मा डबल लागलाय. सगळ्यात लागलाय. माज्या फेरीला व्हता. मी नीट बघितलं न्हाई."

"हौसा, अगं मी आहे. खाली बस."

"मालकांना सांगू नगा. आत्ता उसवते." आणि दातानं दोरा तोडायला लागली. पुठ्ठा फाडला. मी हात धरले तर झटकले, त्या हातांत अजून जोर आहे. मी तिच्या पायाशी बसलो आणि बावन्न वर्षं जे बोललो नव्हतो ते बोललो. "थप्पी मी चुकीची लावली होती, हौसा. तिसऱ्याच्या जागी दुसरा मी ठेवला होता. तुझी चूक नव्हती. मला माफ कर."

ती घाबरून इकडंतिकडं बघायला लागली. "हळू बोला. मालक ऐकतील. तुमचं लगीन ठरतंय म्हणं."

"कुणाशी?"

"कुणाला ठावं. फुटलं असंल कुणाचं तरी नशीब."

मग तिनं सुटलेला एक फर्मा उचलला. दोन नंबरचा. शिवणीचा दोरा त्यातनं ओवला, गळ्यात घातला आणि अंगणाच्या मध्यात, उन्हात, जाऊन उभी राहिली. हात खाली, मान खाली.

"काढ ते, हौसा."

"मालक आल्याबिगर काढायचा न्हाई म्हणून सांगितलंय."

मालकाला जाऊन तीस वर्षं झाली. कोण येणार होतं? ऊन चढत होतं. मी छत्री आणली, तिनं ढकलली. पाणी आणलं, घेतलं नाही. वनिताला फोन केला, ती सांगलीहून निघाली. मग मला दुसरं काही सुचेना. खाली पडलेल्यातला एक फर्मा घेतला, दोरा ओवला, माझ्या गळ्यात घातला आणि तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.

बराच वेळ तिनं बघितलं नाही. मग तिरक्या नजरेनं माझ्या गळ्याकडं बघितलं, पायाकडं बघितलं.

"नवीन हाय का तुमी?"

मी मान हलवली.

"सरळ हुभं ऱ्हावा. वाकला तर मिस्त्री वरडतो. लई वंगाळ माणूस हाय." मग माझ्या कानाजवळ तोंड आणून कुजबुजली, "थप्पी त्यानंच चुकीची लावली. म्या बघितलं व्हतं, गठ्ठ्यावर दोन व्हता."

"मग मालकाला सांगितलं का नाहीस?"

"नवीनच मिस्त्री झालाय बिचारा," ती म्हणाली. "काढून टाकला असता की त्याला."

आणि परत मान खाली घालून उभी राहिली.